हिरव्या गोधडीचा घास

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि दर महिन्याला हसते, हे आधीच सांगून टाकते. पिंपळावरची बाई, आपोआप हलणारा झोका, मागून येणारी पावलं... मासिक आलं की मी घरात मोठ्याने वाचून दाखवते आणि शेवटी म्हणते, "मांजर असेल." तर आज माझ्यावर हसायची पाळी तुमची. हसा बिनधास्त. फक्त एक विनंती आहे, मांजर असेल असं म्हणू नका. मांजराला टाके घालता येत नाहीत.

आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. लग्न होऊन मी सुरतेला आले ती उधन्याच्या एका खोलीत. खाली लूमचा कारखाना, वर आम्ही तिघं – आमचे हे, म्हणजे सुकलाल, माझ्या सासूबाई आणि मी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मी घरबसल्या साड्यांना लेस-पट्टी लावायचं काम करायचे. शेठ माझं काम उलटं करून बघायचा आणि म्हणायचा, "बेन, मशीनने शरम आवे एवो टांको छे." मशीनला लाज वाटावी असा टाका! ही मी माझी स्तुती करत नाहीये, पुढे लागणार आहे म्हणून सांगते... बरं, थोडी करतेही आहे.

त्या खोलीत सगळं होतं, हवा तेवढी नव्हती. खालून लूमची धडधड आणि धाग्याची बारीक धूळ. आत्याबाईंना दमा. आडवं झालं की त्यांच्या छातीत शिट्ट्या वाजायच्या. मग त्या भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी घेऊन बसून राहायच्या आणि तशाच बसल्या बसल्या पेंगायच्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना पाठ टेकून झोपलेलं पाहिलंच नव्हतं.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. आमच्या ह्यांना हजीऱ्याकडच्या एका मोठ्या कारखान्याच्या कॉलनीत माळीकाम मिळालं. त्याच सुमारास तिथे साहेब लोकांसाठी टेनिसचं नवं कोर्ट झालं आणि त्यावर काय अंथरलं? प्लास्टिकचं गवत! परदेशातून गुंडाळ्या करून आलेलं. त्याला टर्फ म्हणायचं हे आम्हाला नंतर कळलं. त्याची देखभाल ह्यांच्याकडे आली आणि कोर्टाच्या मागची एक खोली राहायला मिळाली. पुढे ओटा, ओट्यासमोर जाळी आणि जाळीपलीकडे ते हिरवंगार कोर्ट. खाडीकडून वारा यायचा. तिथल्या पहिल्याच सकाळी उन्हं वर आली तरी आत्याबाई उठेनात. सरळ आडव्या, तोंडावर पदर. मी घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

त्यांनी पदराआडूनच मला फटकारलं. "मरेल नै शे मी. झोपेल शे. झोपू दे माले."

त्या सकाळी मी चहा करता करता रडले होते, आनंदाने. सासूच्या झोपेपायी सून रडते हे वाचून काही जणींना नवल वाटेल. पण तुम्ही आमच्या आत्याबाई पाहिल्या नाहीत. तोंडाने फटाका आणि मनाने लोणी.

तर ते टर्फ. साहेब लोकांना सांगितलं गेलं होतं की याला पाणी नको, खत नको, कापायला नको. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! पाणी नको असलेल्या गवताला पाण्याचाच सगळ्यात जास्त त्रास. सुरतेची हवा कशी ते तुम्हाला ठाऊक असेल – मीठ बरणीत पाझरतं, आगपेटी पेटत नाही. सावलीच्या बाजूला शेवाळ धरायचं. पात्यांमध्ये भरलेली बारीक रेती ओली होऊन दबायची आणि गवत म्हशीने चाटल्यासारखं चप्प बसायचं. मग आमचे हे कडक ब्रश घेऊन पाती उलट्या दिशेने उभी करायचे, रोज सकाळी. ते काम ते असं प्रेमाने करायचे, की एकदा मी म्हटलंसुद्धा, "कधी माझे केस नाही विंचरले एवढ्या मायेने."

पण खरं दुखणं खाली होतं. जमीन काळी. आम्ही खानदेशातले, काळ्या मातीचं आम्हाला काय सांगायचं! पावसात पाणी पिऊन फुगते, दिवाळीनंतर सुकून हात जाईल एवढी फाटते. ती फुगली की टर्फला आवाळू यायचं, फाटली की खड्डा पडायचा आणि टर्फच्या दोन पट्ट्यांमधला सांधा तोंड उघडायचा. त्या उघड्या सांध्यात एका साहेबांचा पाय अडकला आणि ते तोंडावर पडले.

कॉलनीत स्पोर्ट्सचं बघणारे मेहता साहेब होते. स्वतः इंजिनीअर, माणूस मोठा शहाणा आणि हसरा. त्यांना दुखणं बरोबर कळलं होतं. त्यांनी कडेने चर खणवला, पाणी जायला पाइप टाकला, मऊ माती काढून मुरूम आणि खडीची कच भरून घेतली. मुंबईहून सांधे चिकटवणारा माणूस बोलावला. त्याने चांगलं काम केलं, पण आमच्या हवेत तो गोंद काही वाळेना. दोन-चार दिवसांनी बोट लावावं तर शिळ्या चिकासारखा तार धरायचा. शेवटी साहेबच म्हणाले की जुन्या काळी हे टर्फ शिवायचे, आपणही शिवून बघू. आणि मग ह्यांच्याकडे वळून ते जे बोलले ते ह्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं –

"सुकलाल, आ वखते सांधो खुल्यो, तो पछी सिमेन्ट."

हिवाळ्यात आजूबाजूच्या कारखान्यांच्या टेनिसच्या मॅच आमच्या कोर्टावर होणार होत्या. तोवर सांधा टिकला नाही तर वरच्या साहेबांचा हुकूम होता, टर्फ उखडायचं आणि सिमेंटचं कोर्ट करायचं. सिमेंटला कोण विंचरणार? ह्यांचं काम गेलं असतं, कामाबरोबर खोली, आणि आम्ही पुन्हा उधन्याला, लूमच्या डोक्यावर. त्या दिवशी ओट्यावर बसून आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघत होतो आणि आत घरात आत्याबाई पाय पसरून मस्त घोरत होत्या. दोघांच्याही मनात तेच होतं. कामं काय, दुसरी मिळतात. हे घोरणं कुठून आणणार?

ताडपत्री शिवणारा एक कारागीर येऊन बघून गेला आणि नाही म्हणाला. मग ह्यांनी साहेबांना सांगितलं, माझी घरवाली शिवेल.

"माले इचारं का तुम्ही?" मी विचारलं. चिडले की माझीही अहिराणी बाहेर येते.

"आते इचारस ना," हे म्हणाले. "शिवशी का?"

शिवलं. मोठं दाभण आणि कोळ्यांच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा. रेती झाडून बाजूला करायची, दोन्ही पट्ट्यांच्या कडा उलट्या दुमडायच्या, पाठीला पाठ जोडून आतून टाके घालायचे आणि मग पट्ट्या परत पसरून वरून ब्रश मारायचा. शिवण आत राहते, वरून दिसतसुद्धा नाही. बोटांची सालं निघाली पण मजा आली. आत्याबाई जाळीजवळ बाज टाकून बसायच्या. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसायचं कमी, पण सूचनांना डोळे लागत नाहीत. त्या टर्फला पहिल्यापासून 'हिरवी गोधडी' म्हणायच्या. शेवटचा कोपरा राहिला, आमच्या ओट्याच्या बाजूचा, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"पोरी, थांब. घास भर आधी."

खानदेशात गोधडी शिवताना शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा कुटका आणि गुळाचा खडा ठेवतात. गोधडी उपाशी ठेवायची नाही, तिचं पोट भरलं की ती माणसाला ऊब देते, अशी समजूत. मी माहेरी आईला करताना पाहिलं होतं. पण इथे? परदेशी टर्फखाली भाकरी? मुंग्या लागतील, उंदीर येतील आणि साहेबांनी बघितलं तर काय म्हणतील! शिवाय मी मॅट्रिक झालेली.

"आत्याबाई, गोधडी शे का ती? पायपुसनं शे पायपुसनं, साहेबांचं," असं म्हणून मी कोपरा शिवून टाकला. त्या बाजेवरून उठून आत गेल्या.

आता ऐका.

थंडीची सुरुवात होती. भल्या सकाळी हे ब्रश घेऊन कोर्टावर गेले आणि लगेच परत आले. "चाल बरं जरा," एवढंच म्हणाले. सगळ्या कोर्टावर दव पडलं होतं, पांढरं, एकसारखं. फक्त आमच्या बाजूच्या त्या कोपऱ्यात एक जागा कोरडी होती. तिथली पाती दबलेली. आणि त्या दबलेल्या जागेचा आकार... कुणीतरी कुशीवर झोपावं, गुडघे पोटाशी घेऊन, तसा. डोक्याची जागा कळत होती, खांद्याची कळत होती. बाई असावी, किंवा लहान चणीचा माणूस.

आणि कोपऱ्यातला सांधा उघडा!

मी खाली बसून बघितलं. दोरा तुटलेला नव्हता, उंदराने कुरतडलेला नव्हता. कुणीतरी गाठ सोडून एकेक टाका उलटा काढला होता आणि निघालेला दोरा नीट गुंडाळून कडेला ठेवला होता. म्हणजे उसवलं होतं! माझा टाका! मला भीती वाटण्याआधी राग आला, हे खरं सांगते. गुंडाळीकडे पाहिलं तर वेढे माझ्या सवयीच्या उलट दिशेने फिरलेले. मी ती पदराच्या टोकाला बांधली आणि कोपरा पुन्हा शिवला.

पुढच्या सकाळी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

माझा संशय कुणावर गेला असेल? अर्थात आत्याबाईंवर! घास भरला नाही म्हणून रुसल्या, पहाटे जाऊन तिथे पडतात आणि जाता जाता उसवून ठेवतात. मी चहाचा कप पुढे ठेवून गोड आवाजात विचारलं, "आत्याबाई, गवतावर बरं वाटतं का झोपायला?"

"मी काय म्हैस शे का वं, दिसनं तठे बठाले?" असा फटाका फुटला की शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई बाहेर आल्या. मी तरी मनात म्हटलं, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. त्याच आठवड्यात माझी नणंद बाळंत झाली आणि हे आत्याबाईंना नंदुरबारला पोचवून आले. चला, आता सांधा टिकेल.

टिकला नाही. आत्याबाई नंदुरबारला नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि इथे सकाळी दव, कोरडी जागा, उसवलेला कोपरा.  तरी मी सहजासहजी हार मानणारी नाही. कॉलनीतली पोरं असतील म्हणून ह्यांनी फाटकाला कुलूप लावलं. मी दिवेलागणीला चाळणीने बारीक रांगोळी त्या कोपऱ्याभोवती गाळली, चार-पाच हात रुंद पट्टा, कुणालाही उडी मारता येऊ नये असा. सकाळी कुलूप जागच्या जागी. रांगोळी दवाने भिजलेली, पण तिच्यावर मुंगीचंसुद्धा पाऊल नाही. आत मध्यभागी तोच आकार, गुडघे पोटाशी घेतलेला. आणि गुंडाळलेला दोरा.

सांगायची गोष्ट म्हणजे, घाबरण्यासारखं तिथे काही वाटत नव्हतं. म्हणजे मी घाबरले होते, पण ती जागा भीतीची नव्हती. झोपलेल्या मुलाच्या खोलीतून आपण जसं पाय न वाजवता जातो ना, तसं वाटायचं. आम्ही दोघंही तिथे उभे राहून हळू आवाजात बोलत होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

काळजी होती ती मॅचची. दिवस जवळ येत होते आणि मेहता साहेब येता-जाता त्या कोपऱ्याकडे बघायचे, आणि डोकं हलवायचे. सिमेंटवाला माणूस येऊन माप घेऊन गेला. ह्यांचं जेवण कमी झालं.

आत्याबाई परत आल्या. नंदुरबारची धूळ आणि बाळंतिणीची शेगडी, यांनी त्यांची छाती पुन्हा भरून आली होती. ओट्यावर बसून धापा टाकत त्यांनी विचारलं, "गोधडी टिकनी का?" मी नाही म्हटलं. उसवतं एवढंच सांगितलं, बाकी काही नाही. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण त्या हसल्या.

"मनी माय अशीच करे," त्या म्हणाल्या. त्यांची आई गावभराच्या गोधड्या शिवून द्यायची. कुणी आळसाने किंवा शहाणपणाने घास न भरता कोपरा बंद केला, तर ती एका शब्दाने बोलायची नाही. ती बाई पाठ वळवून गेली की बसून कोपरा उसवायची आणि दोरा गुंडाळून वर ठेवायची. "भुकी गोधडीमा कोनले झोप येस, पोरी?"

दोरा गुंडाळून! माझ्या पदराला त्या सकाळची गुंडाळी बांधलेली होती आणि मी ती त्यांना दाखवलेली नव्हती.  मी उठले आणि दुपारच्या भाकरीसाठी पीठ मळायला घेतलं. कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, आत्याबाईंच्या आवडीची.

दुपारी कॉलनी जेवून पडलेली असते. आम्ही तिघं कोर्टावर गेलो. आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने कुटका आणि गूळ कोपऱ्यात सरकवला, वर हात ठेवून काहीतरी पुटपुटल्या. मी दाभण हातात घेतलं आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "बेन, आ शुं मूक्युं अंदर?"

मेहता साहेब! आत काय ठेवलं, विचारत होते. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडणार तोच आत्याबाईंनी त्यांना सगळं अहिराणीत सांगून टाकलं, गोधडी, भूक, झोप, सगळं. साहेबांना किती कळलं देव जाणे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

"तो पछी थोडो गोळ मने पण आपो."

गुळाचा खडा तोंडात टाकून ते मी कोपरा शिवेपर्यंत तिथेच उभे होते. मुंग्यांचं एकदा बघून घ्या, एवढं हिंदीत सांगून गेले.

त्या दिवसापासून तो कोपरा उसवला नाही. मॅच झाल्या. आमच्या कॉलनीचे साहेब पहिल्याच फेरीत हरले, पण टर्फचं कौतुक झालं आणि सिमेंटचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पुढच्या पावसात काळी माती फुगली, दुसरीकडे दोन सांधे ओढले गेले, ते मी शिवले. तो कोपरा ढिम्म. त्यानंतरचे पावसाळेही तसेच गेले. आकार मात्र हिवाळ्यात, दव पडलं की, दिसायचा. आम्ही त्यावर बोलणं सोडून दिलं. आमचे हे आधी सगळं कोर्ट विंचरून घ्यायचे आणि तेवढी जागा ऊन चढल्यावर शेवटी. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "उठू दे ना आरामात." जसं काही घरातलं माणूस! हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं होतं. ती वर्षं आमची फार सुखाची गेली. संध्याकाळी चेंडूचा टप-टप आवाज, ओट्यावर शेवभाजीचा वास, आणि रात्री आत्याबाईंचं घोरणं.

प्लास्टिकला पण वय असतं. उन्हाने पाती गळायला लागली आणि दशक संपता संपता नवं टर्फ आलं, त्याच्याबरोबर त्याची देखभाल करणारी त्यांचीच माणसं. ह्यांना कॉलनीतल्या बागेचं काम दिलं, पण आमची खोली पाडून तिथे कपडे बदलायची जागा होणार होती. उधन्याला आम्ही तोवर स्वतःची खोली घेतली होती. त्या गल्लीतही लूम होतेच. जायच्या आधीच्या दिवसांत आत्याबाई ओट्यावर जास्त वेळ बसायला लागल्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

जुनं टर्फ उखडताना मेहता साहेबांनी विचारलं, काही हवं का? मी म्हटलं, तो कोपरा द्या. बाजेएवढी पट्टी कापून घेतली आणि ओट्यावर उलटी टाकून शिवण बघायला बसले. भाकरी-गूळ काही उरलं नव्हतं, ते मुंग्यांनी नेलं असणार, त्यात नवल नाही. माझे टाके ओळीने होते, उन्हापावसात इतकी वर्षं राहून एकसारखे. बघून बरं वाटलं. आणि मग, कोपऱ्यापासून हातभर अलीकडे, ते थांबले.

पुढचे टाके माझे नव्हते.

लेस लावणाऱ्या बाईला स्वतःचा टाका ओळखायला चष्मा लागत नाही. माझा टाका उजवीकडे कलतो. हे टाके डावीकडे कललेले होते. दोरा तोच, जाळ्याचा. पण टाके बारीक, अगदी जवळजवळ, माझ्यापेक्षा सरस – लिहिताना जीवावर येतंय, पण सरस. आणि टर्फ उलटं दुमडल्याशिवाय ते कुणाला घालताच आले नसते. तो कोपरा मी भर दुपारी, साहेब समोर उभे असताना, माझ्या हाताने बंद केला होता. त्यानंतर तो उघडलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

मी आत्याबाईंचा हात धरून तिथे आणला. त्यांनी बोटं फिरवली. माझ्या टाक्यांवरून पुढे गेल्या, थांबल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे. बराच वेळ बोटं तिथेच होती.

"हाऊ टाका तुना नै," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मनी माय डावखोरी व्हती." मग, माझ्याकडे न बघता, "तिलेबी दमा व्हता. गावले गोधड्या शिवी दिध्या, नि तिनी जलमभर भीतले टेकीसन रात काढी."

त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, चहा ठेव.

ती पट्टी आम्ही उधन्याला आणली. आत्याबाईंनी ती बाजेवर गोधडीखाली अंथरायला लावली. मी मनाची तयारी केली होती, भिंतीला टेकायला उशी काढून ठेवली होती, दम्याचा पंप उशाशी ठेवला होता. त्यांनी उशी बाजूला केली आणि आडव्या झाल्या. खाली लूम धडधडत होते, हवा तीच होती, आणि बाई सकाळपर्यंत घोरत होत्या. पुढे त्या असेपर्यंत तशाच झोपल्या. गेल्या त्याही झोपेतच, पाठ टेकून.

डॉक्टर म्हणाले, नवीन औषध लागू पडलं असेल. असेल. टाक्यांचं म्हणाल तर हे म्हणतात, तूच कधीतरी डाव्या हाताने शिवलं असशील, बोट दुखत होतं म्हणून. मी प्रयत्न करून पाहिला. डाव्या हाताने मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. दवातल्या आकाराचं तर कुणी काही सांगूच शकलेलं नाही. मेहता साहेबांना मी एकदा विचारलं तेव्हा ते काळ्या मातीच्या ओलाव्याबद्दल खूप वेळ बोलले आणि शेवटी म्हणाले, "पण बेन, माटी घूंटण नथी वाळती." माती गुडघे दुमडून झोपत नाही. बरोबर आहे त्यांचं.

 असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आजही आहे असं मी म्हणणार नाही. पण एक सांगायचं राहिलं. आत्याबाई होत्या तेव्हा त्यांचं अंथरूण मी रोज सकाळी काढायचे. बाज एका माणसाची, आणि त्या काटक्यांसारख्या बारीक. त्यांच्या अंगाखालची पाती दबलेली असायची, ते साहजिक आहे. त्यांच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, आणखी एका माणसाएवढी पाती दबलेली असायची.

पट्टी अजून आहे. बाजेवर आता कुणी झोपत नाही. दर आठवड्याला मी ती ब्रशने झाडते, ह्यांच्यासारखी, उलट्या दिशेने. भिंतीकडची बाजू मात्र ऊन चढल्यावर, शेवटी.